मागं कुणी नसलेली बाई

शालनबाईंना कुरणवाडीत नर्स म्हणून घेतलं, ते त्यांच्या हाताला गुण होता म्हणून नव्हे. त्यांच्यामागं कुणी नव्हतं म्हणून. हे ऐकीव सांगत नाही. घेणाऱ्यांत मीही होतो.

कुरणवाडी चाकणपासून दीड कोसावर. नाशिक रस्ता सोडला की कांद्याच्या वावरांमधून गाडीवाट लागते, ती थेट गावात येते. एकावन्न साली मी तिथं शाळामास्तर म्हणून आलो. गावात धड लिहिता येणारा मी एकटाच, त्यामुळे कुणाचा बांधाचा तंटा असो की कुणाचं पोरगं पलटणीत असो, कागद मी लिहायचा. अक्षर वळणदार होतं. लोक त्याची तारीफ करायचे आणि मला ती आवडायची.

त्रेपन्न साली गावात सात तान्ही पोरं गेली. जन्मताना चांगली धडधाकट असायची. सातव्या-आठव्या दिवशी जबडा बसायचा, अंगावर पिणं बंद व्हायचं, कमान होऊन अंग ताठायचं. बायका म्हणायच्या, सटवाईनं नेलं. गावची सुईण गोजाबाई, न्हाव्याघरची विधवा. ती विळ्यानं नाळ कापायची आणि वर चुलीतली राख दाबायची. तिच्या सासूनं तेच केलं होतं. त्याच साली अर्जुनरावांची थोरली सून दोन दिवस अडली. तिसऱ्या दिवशी पुण्याला न्यायला गाडी जुंपली, ती आळंदीच्या अलीकडूनच माघारी फिरली.

अर्जुनराव गावातले मोठे. शाळेला जागा त्यांनीच दिली होती, माझी राहायची खोलीही त्यांच्याच आवारात. सुनेचं तेरावं उरकलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मास्तर, लिवा. गावाला नर्स पायजे. जागा आमी देतो."

वरच्या कचेरीचं उत्तर यायला आठ महिने लागले. नेमणूक त्यांची, पण जागा आणि पसंती गावाची, असं ठरलं. अर्जुनराव, त्यांचे चुलतभाऊ दत्तोबा आणि लिहायला मी, अशी आमची कमिटी झाली.

पहिली उमेदवार पुण्याहून वडलांबरोबर आली. इस्त्रीची साडी, हातात छत्री. आम्ही त्यांना दवाखान्याची खोली दाखवली. अर्जुनरावांची कांद्याची जुनी वखार होती ती. वडलांनी आत उभं राहून सगळीकडं पाहिलं आणि विचारलं, "ठीक आहे. पण ही राहणार कुठं?" आल्या पावली ती दोघं परत गेली.

दुसरी बाई नगरची, ख्रिस्ती. चाळिशीची, अकरा वर्षं बाळंतपणं केलेली. कागद एकाहून एक चांगले. अर्जुनरावांनी एकच विचारलं, "पानी कुठल्या विहिरीचं भरनार?"

"जी जवळ असेल तिचं," ती म्हणाली.

पुढं कुणी काही विचारलं नाही. मी लिहिलं, 'उमेदवार योग्य वाटला नाही.' चाकणहून परतीची एस.टी. संध्याकाळची होती. बाई दुपारभर पारावर बसून होत्या. उन्हाचे दिवस होते, आणि त्यांना तांब्याभर पाणी कुणी दिलं नाही. पार शाळेसमोरच होता. मीही दिलं नाही.

श्रावणात तिसरी आली, ती शालनबाई. चाकणपासून चालत आल्या, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. उंच, वाळकुडी बाई, वय सत्तावीस-अठ्ठावीस. आम्ही चावडीत बसलो होतो. अर्जुनरावांनी त्यांना उभ्यानंच विचारायला सुरुवात केली.

"कुठल्या?"

"माहेर सांगवी. सासर चिखलीकडं."

"गळ्यात पोत दिसती. मालक काय करत्यात?"

"त्यांनी दुसरं लग्न केलं."

"का बरं?"

"सहा वर्षांत मला मूल झालं नाही म्हणून."

"भाऊबिऊ?"

"भाऊ आहे. भावजयीला चालत नाही. पुण्यात बायकांच्या एका आश्रमात राहिले, त्यांनीच दवाखान्यात शिकायला घातलं. हे सर्टिफिकेट." त्यांनी कागद पुढं केला. तो कुणी घेतला नाही. थोडा वेळ हात तसाच पुढं राहिला.

"म्हंजी सणावाराला कुठं जायाचं, कुनी न्यायाला येतंय, असं काय न्हाई?"

"नाही."

त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. दत्तोबा म्हणाले, "दादा, वांझ बाई हाय. वांझंच्या हातनं नाळ कापायची?"

अर्जुनराव हसले. "आरं, पयली बापासंगं गेली. दुसरीचं सोड. हिच्या मागं कुनी हाय का? मंग ही जाती कुठं? खुट्ट्याला न बांधता ऱ्हाणारं जनावर हाय ह्ये. घ्या हिला."

दत्तोबा मोठ्यानं हसले. मीही हसलो. चावडीला दार नव्हतं आणि शालनबाई भिंतीला टेकून बाहेरच उभ्या होत्या. त्यांना आत बोलावलं, तेव्हा आम्ही काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "राहीन मी."

त्यांनी वखार स्वतः झाडली, सारवली, चुन्यानं रंगवली. तरी कुजक्या कांद्याचा वास भिंतींतून काही गेला नाही. एक बाज, एक स्टोव्ह, कात्री-चिमटा उकळायचं पातेलं आणि औषधांचं खोकं, एवढा त्यांचा दवाखाना. पहिले तीन महिने एकाही घरानं त्यांना बोलावलं नाही. त्या रस्त्यानं जाऊ लागल्या की बायका तान्ह्या पोरावर पदर ओढायच्या. गोजाबाई घरोघर सांगत होती, "वांझोटीची सावली पडली तर दूध आटतंय." तिचं पोट त्या कामावर होतं. पसा-कुडता धान्य, वर्षाला एखादं जुनेर.

शालनबाई तिच्याशी भांडल्या नाहीत. एके दिवशी तिच्याच ओसरीवर जाऊन बसल्या. गोजाबाईची लेक तेव्हा बाळंतपणाला आली होती. त्या लेकीची आधीची दोन पोरं आठव्या दिवशी गेली होती, आणि दोघांची नाळ आजीनंच कापली होती.

"मावशी," शालनबाई म्हणाल्या, "मी पोराला हात लावणार नाही. कापायचं तुम्हीच. फक्त विळ्याच्या जागी माझी कात्री घ्या, आणि राख नको."

"आन मंग सटवाई?"

"ती आली तर मी बघते तिच्याकडं."

गोजाबाईनं त्यांना दोनदा ओसरीवरून उठवलं. तिसऱ्यांदा लेकीनंच आतून सांगितलं, "आये, बाईचं ऐक." मुलगी झाली. सातवा दिवस गेला, आठवा गेला. बाराव्या दिवशी गोजाबाई नात घेऊन वखारीत आली आणि तिनं ती शालनबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यानंतर दोघी जोडीनंच जायच्या. पुढं म्हातारी, हातात उकळलेल्या कात्रीचा डबा, मागं शालनबाई. गोजाबाई त्यांना 'बाय' म्हणायची. संध्याकाळी वखारीच्या दारात दोघी भाकरी खाताना दिसायच्या.

अडीच वर्षांत एक्केचाळीस बाळंतपणं झाली. दोन पोरं दगावली, दोन्ही अपुऱ्या दिवसांची. जबडा बसून एकही गेलं नाही. अर्जुनरावांच्या धाकट्या सुनेला, गवराबाईला, जुळं झालं. दुसरं आडवं होतं. शालनबाईंनी घामाघूम होऊन ते फिरवलं आणि जिवंत बाहेर काढलं. अर्जुनरावांनी गावभर पेढे वाटले. बारशाला मात्र त्यांना बोलावलं नाही. पाळण्याला वांझेचा हात लागायला नको, असं घरच्या बायका म्हणाल्या. ताट वखारीत पोचवलं. शालनबाईंनी ते निम्मं गोजाबाईला दिलं आणि उरलेलं जेवल्या. मला वाटलं होतं, परत पाठवतील.

सत्तावन्न सालच्या चैत्रात एक बैलगाडी वखारीसमोर येऊन थांबली. गाडीत शालनबाईंचा नवरा उद्धवराव आणि त्याची दुसरी बायको पुतळाबाई. पोरगी अठराची, आठवा महिना. अर्धं गाव जमलं. माणसं जत्रेतला खेळ बघावा तशी उभी होती.

उद्धवराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला माहेर न्हाई. तुझा हातगुण लई ऐकलाय. तूच कर हिचं."

पुतळाबाई गाडीतून उतरली, वाकून पाया पडली आणि "आक्का" म्हणाली. शालनबाईंनी तिला उठवलं. हलक्या आवाजात विचारलं, "अंगावरनं रक्त गेलंय का कधी?"

पोरीनं नवऱ्याकडं पाहिलं. मग दोन बोटं दाखवली.

शालनबाई उद्धवरावाला म्हणाल्या, "हिला आत्ताच्या आत्ता पुण्याला मोठ्या दवाखान्यात ने. वार खाली आहे हिची, पोराच्या वाटेवर. हे माझ्या हातातलं काम नाही."

"पुन्याला हिच्यापाशी कोन बसनार? मला कामं न्हाईत? तू हायस की." तो गर्दीकडं वळून हसला. "का सवतीचं करायला हात जड झालं?"

लोक हसले. त्यानं पोरीचं बोचकं उतरवलं, गाडी फिरवली आणि गेला.

शालनबाई माझ्याकडं आल्या. दोन दिवस गाव सोडायची परवानगी आणि सावकाश जाणारी एक गाडी, एवढं अर्जुनरावांकडून मिळवून द्या म्हणाल्या. मी विचारलं. अर्जुनराव म्हणाले, "नर्स गावानं गावासाठी आनलीय. ती सवत घिऊन पुन्याला हिंडाया लागली तर हितं कोन?" मी तसंच येऊन सांगितलं. पुतळाबाईही म्हणे, त्यांनी हितंच ऱ्हा सांगितलंय, मी गेले तर मारतील.

मग दहा दिवस शालनबाईंनी तिला बाजेवरून उठू दिलं नाही. स्वतः खाली जमिनीवर झोपल्या. भरवणं, न्हाऊ-माखू, सगळं हातानं. गोजाबाई रोज येऊन पोरीच्या केसांना तेल लावायची. गावातल्या बायका पाण्याच्या निमित्तानं दारावरून जायच्या आणि आत डोकवायच्या. सवत सवतीचे पाय चेपती, हे त्यांना बघायचं होतं. पुतळाबाई एकदा म्हणाली होती, "आक्का, पोरगं झालं तर तुमच्यापाशीच ठिवू का? त्यांना काय, दुसरं हुईल." गोजाबाईनंच हे मला पुढं कधीतरी सांगितलं.

अकराव्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमाराला, रक्त सुरू झालं.

त्या वेळी अर्जुनरावांच्या खळ्यावर कांद्याचा ट्रक भरत होता. चाकणच्या बाजाराचा दिवस होता. पंधरा-सोळा गडी गोण्या चढवत होते. शाळा सकाळची असली तरी मी मधल्या सुट्टीत अर्जुनरावांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला जायचो, तसा तिथं बसलो होतो. शालनबाई पळत आल्या. लुगड्याचे काठ रक्तानं भिजलेले होते.

"अर्जुनराव, ट्रक द्या. बाई जातीय माझी."

माझी, म्हणाल्या. एरवी त्या ठेवणीतलं बोलायच्या. त्या दिवशी बोलणं सांगवीचं झालं होतं.

"भरत आलाय त्यो," अर्जुनराव म्हणाले.

"निम्म्या गोण्या उतरवा. न्हाईतर वर ठेवा तिला, मी धरून बसते. दोन तासांत पुण्यात पोचलो तर जगंल."

"कांद्यावर बाळंतीन? इटाळाचा माल बाजारात कोन घील? आन ती गावची हाय का आपल्या? तिचा मालक कुठं हाय?"

शालनबाईंनी हात जोडले. गडी गोण्या चढवायचे थांबले होते. अर्जुनरावांनी त्यांच्याकडं पाहिलं, तसे ते पुन्हा लागले.

"सांजच्याला गाडी मोकळी झाली का धाडतो," ते म्हणाले.

मग त्या माझ्याकडं वळल्या. "मास्तर, तुम्ही तरी सांगा."

वर्तमानपत्र माझ्या हातात होतं. मी म्हणालो, "बैलगाडी बघू का एखादी?"

त्या आल्या तशा पळत गेल्या. ट्रक अकराला निघाला. वाट वखारीवरूनच जाते. बैलगाडी मी खरंच बघितली, पण ती मिळून दारात येईपर्यंत बारा वाजून गेले होते, आणि आत सगळं संपलं होतं. शालनबाईंनी स्वतःचं लुगडं फाडून बोळे कोंबले होते, दोन्ही मुठींनी पोट दाबून धरलं होतं. गोजाबाई पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. चैत्रातल्या दुपारी पुतळाबाई सारखी म्हणत होती, "आक्का, थंडी वाजती." मुलगा झाला. रडला नाही.

उद्धवराव दुसऱ्या दिवशी आला. तोवर दोघांना जाळून झालं होतं. आधी तो नुसता उभा राहिला. मग जमलेली माणसं पाहिली, पुढं अर्जुनराव दिसले, आणि त्यानं हंबरडा फोडला.

"सवत म्हनून मारली हिनं! पोटचा दिवा इझवला माझा!"

ती बोंब सगळ्यांना सोयीची होती. खळ्यावर जे जे होते, त्या सगळ्यांना. अर्जुनराव म्हणाले, "मला पयल्यापासनं शंका व्हतीच." दिवस मावळेपर्यंत गावात दुसरी गोष्टच उरली नाही. लोकांनी वखारीतली बाज, स्टोव्ह, पातेलं बाहेर फेकलं. औषधाच्या बाटल्या दगडावर फोडल्या. ज्या घरांमधून शालनबाईंनी पोरं काढली होती, त्या घरांतल्याच बायका पुढं होत्या. गवराबाई जुळ्यांतलं एक कडेवर घेऊन उभी होती. सासू म्हणाली, "टाक." तिनं ओंजळभर शेण घेतलं आणि टाकलं. ते शालनबाईंच्या तोंडावर बसलं. त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या, आणि लोक कंटाळून घरी गेले.

आठ-दहा दिवसांनी वरच्या कचेरीतून चौकशीला एक साहेब आले. जबाब चावडीत झाले, लिहायला अर्थात मी. उद्धवरावानं त्याचं सांगितलं. अर्जुनराव म्हणाले, "गाडी मागाया कुनी आलं न्हाई." खळ्यावरच्या गड्यांनी एकामागून एक तेच सांगितलं. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, मी त्या वेळी शाळेत होतो. माझा जबाब मीच लिहिला आणि मीच सही केली.

उन्हं चढली तसे साहेब अर्जुनरावांकडं जेवायला गेले. जाताना म्हणाले, "ती म्हातारी राहिली आहे, तिचं तुम्ही लिहून ठेवा." चावडीत मी, दत्तोबा, गोजाबाई आणि अर्जुनराव, एवढेच उरलो. पाहुणे घरी गेलेले असताना अर्जुनराव बसून राहिले होते.

गोजाबाईनं सगळं सांगितलं. दहा दिवस पोरीला कसं जपलं ते, रक्त, फाडलेलं लुगडं. "ट्रक मागाया बाय गेली व्हती. म्याच म्हनलं जा, मी बसते हिच्यापाशी. अर्जुनरावांनी दिला न्हाई. दिला असता तर पोर जगली असती." ती अर्जुनरावांच्या समोर बसून हे बोलली. भीत होती, पदराचं टोक पिळत होती, पण बोलली.

अर्जुनराव शांतपणे म्हणाले, "मास्तर, म्हातारीला आताशा दिसत न्हाई. काय बघितलं असंल तिनं?"

बस्स, एवढंच म्हणाले. धमकी नाही, काही नाही. मी टाक बुडवला आणि लिहिलं, 'बाळंतपणाच्या वेळी मी खोलीबाहेर होते. आत काय झाले ते मला माहीत नाही.' मग पुढं आणखी एक वाक्य लिहिलं. 'मात्र नर्सबाई मयत पुतळाबाई हीस सवत म्हणून नेहमी टाकून बोलत असत.' हे दुसरं वाक्य मला कुणी लिहायला सांगितलं नव्हतं. आजवर मी त्याचा पुष्कळ विचार केला. हात चालू होता आणि ते आलं, यापलीकडं मला काही सांगता येत नाही.

गोजाबाईच्या अंगठ्याला मी शाई लावली. तिनं विचारलं, "समदं लिवलं न्हवं?"

"लिहिलं," मी म्हणालो.

दुपारी शालनबाईंना बोलावून जबाब वाचून दाखवले. नवऱ्याचा, अर्जुनरावांचा, गड्यांचा, सगळे त्यांनी मान ताठ ठेवून ऐकले. प्रत्येकाला म्हणाल्या, "खोटं आहे." माझा वाचला तेव्हा माझ्याकडं बघितलंही नाही. मग गोजाबाईचा वाचला.

"अंगठा आहे तिचा?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी कागद दाखवला. त्या बराच वेळ त्याकडं बघत राहिल्या. त्यानंतर साहेबांनी तीनदा विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" त्या बोलल्याच नाहीत. 'समाधानकारक खुलासा दिला नाही,' असा शेरा पडला. खटला वगैरे झाला नाही. नोकरी गेली, आणि सर्टिफिकेटावर पुढं कुणी काम देऊ नये असं काहीतरी वरून लिहून आलं.

त्या निघाल्या त्या दिवशी उद्धवराव गाडी घेऊन आला होता. म्हणाला, "चल. झालं गेलं. घरी भाकरी थापाया कुनी न्हाई." ज्याची बायको हिनं मारली असं गाव म्हणत होतं, तोच हिला न्यायला आला होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दत्तोबा तर म्हणाले, "नवरा न्यायाला आलाय, आनि काय पायजे बाईच्या जातीला?" शालनबाईंनी ट्रंक डोक्यावर घेतली आणि चाकणच्या वाटेनं चालू लागल्या. ओढ्यापर्यंत तो गाडी त्यांच्या बाजूनं हाकत होता. मग शिव्या देऊन परत फिरला.

गोजाबाई धापा टाकत मागून गेली. "बाय, ए बाय, थांब की," म्हणत होती. फडक्यात भाकऱ्या बांधल्या होत्या तिनं. शालनबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. म्हातारी ओढ्याकाठी उभी राहिली. तिला काहीच कळेना. संध्याकाळी मला विचारत होती, "माज्यावर का रुसली असंल वो?"

तिला कळलं ते महिन्याभरानं. दत्तोबांनी पारावर बसून थट्टेत सांगितलं. ती तशीच शाळेत आली. वर्ग चालू होता. दारात उभी राहून म्हणाली, "मास्तर, म्या तसं बोलले व्हते?"

"गोजाबाई, कागद वर गेला आता."

"मंग माघारी आना."

"तसं येत नाही."

ती खेडच्या तालुका कचेरीत चालत गेली, एकदा नाही, तीनदा. येता-जाता दहा कोस. तिथं सांगितलं, अंगठा तुझाच आहे ना? मग काय? चौथ्या खेपेला पायांनी नकार दिला. त्यानंतर ती कुणाच्या बाळंतपणाला गेली नाही. बोलवायला आलेल्यांना म्हणायची, "माजा हात आता चांगला न्हाई." अठ्ठावन्नच्या मार्गशीर्षात तापानं गेली. शेजारच्या वाडीची एक सुईण येऊ लागली, विळा घेऊन. आठव्या दिवसाची पोरं पुन्हा जाऊ लागली. गवराबाईचं पुढचं मूल त्यातच गेलं. अर्जुनरावांनी मला पुन्हा अर्ज लिहायला लावला, गावाला नर्स पाहिजे म्हणून. उत्तर आलं, उमेदवार उपलब्ध नाही.

अठ्ठावन्न साली माझं लग्न झालं होतं. एकोणसाठच्या भाद्रपदात बायकोचे दिवस भरत आले. कुरणवाडीत तिला ठेवायची माझी छाती नव्हती. औंधात एका डॉक्टरीणबाईंचं लहानसं प्रसूतिगृह होतं, तिथं नेलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीच्या दाराशी उभा होतो. एक आया बादली-फडकं घेऊन फरशी पुसत माझ्या पायापर्यंत आली आणि म्हणाली, "जरा सरका." मग वर बघितलं.

शालनबाईच होत्या. केस पांढरे झाले होते. हात साबणानं चिरलेले.

"मास्तर," त्या म्हणाल्या. उठल्या, लुगड्याला हात पुसले. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी विचारलं, "मुलगी तुमची का? चांगली आहे. काल मीच पुसून घेतली. नाळ नीट आहे, काळजी करू नका."

मी बरं म्हणालो. नदीपलीकडं सांगवीत, भावाच्याच घराजवळ, एक खोली घेऊन राहते म्हणाल्या. भाऊ बोलत नाही. आतून एक तरुण नर्स ओरडली, "ए शालन, तीन नंबरची फडकी तशीच पडलीत!"

"आले," त्या म्हणाल्या. पण गेल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "गोजाबाई कशी आहे?"

मी म्हणालो, "आहे."

"तिला सांगाल? म्हणावं, माझ्या मनात काही नाही. आधी होतं. दोन वर्षं तिच्या नावानं रडले मी. बाकी कुणाचं काही वाटलं नव्हतं, तिचं वाटलं. पण तिला गावातच राहायचं होतं. तिच्या जागी मी असते, तर मीही अंगठा दिला असता. एवढं सांगा तिला."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी बादली उचलली आणि गेल्या. मी खोलीत आलो. बायको पोरीला अंगावर घेऊन पडली होती. तिनं विचारलं, "कोण होती हो? ओळखीची होती का?"

"नाही," मी म्हणालो. "इथली आया आहे."